मोसंबीचा रोग ओळखेना, तो एआय काय कामाचा? 'मानवकेंद्री एआय'ची उन्हाळी शाळा अंबडमध्ये का हवी?

परीक्षा संपल्या की इंजिनीअरिंगच्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'समर स्कूल'च्या जाहिराती फिरू लागतात. त्यात अलीकडे एक शब्द वारंवार दिसतो : 'ह्युमन सेंटर्ड एआय', म्हणजे मानवकेंद्री कृत्रिम बुद्धिमत्ता. असे वर्ग बहुधा मोठ्या शहरांतल्या मोठ्या संस्थांत भरतात. माझं म्हणणं आहे की असा एक वर्ग जालना जिल्ह्यातल्या अंबडमध्ये भरायला हवा. मागास भागावर उपकार म्हणून नाही. ज्या माणसाला केंद्रस्थानी ठेवायच्या गप्पा चालल्या आहेत, तो इथे राहतो म्हणून.

मानवकेंद्री एआय म्हणजे नेमकं काय?

यंत्र किती हुशार आहे, एवढंच न पाहता ते वापरणाऱ्या माणसाचं काय होतं, हे आधी पाहणं. निर्णय कुणाच्या हातात आहे? यंत्राने उत्तर दिलं, तर त्याचं कारण कळतं का? उत्तर चुकलं, तर दाद कुठे मागायची? हे तीन प्रश्न म्हणजे या विषयाचा गाभा.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१९मध्ये यासाठी स्वतंत्र संस्थाच सुरू केली. मेरीलँड विद्यापीठाचे बेन श्नायडरमन यांचं याच नावाचं पुस्तक २०२२मध्ये आलं. यंत्राकडे जास्त काम सोपवायचं म्हणजे माणसाचा ताबा सोडायचा असं नाही, दोन्ही एकाच वेळी साधता येतं, हा त्यांचा मुद्दा. बर्लिनमध्ये ऑक्टोबर २०२१मध्ये झालेल्या युरोपीय एआय अभ्यासवर्गाचा विषयही हाच होता.

९९ टक्के गुण, तरी शेतात नापास

मी इंजिनीअरिंगची चार वर्षं काढली. अचूकता कशी वाढवायची हे तिथे शिकलो. अचूकता कुणाच्या शेतात मोजली, हा प्रश्न एकाही पेपरात आला नाही. तो का महत्त्वाचा आहे, हे एका उदाहरणातून पाहा.

पानाच्या फोटोवरून रोग ओळखणाऱ्या एआयचं एक गाजलेलं संशोधन २०१६मध्ये प्रसिद्ध झालं. 'प्लांटव्हिलेज' नावाच्या संचातले ५४ हजार ३०६ फोटो त्यासाठी वापरले होते. अचूकता आली ९९.३५ टक्के. पण हे फोटो ठरावीक पद्धतीने, साध्या पार्श्वभूमीवर पान ठेवून काढलेले होते. त्याच संशोधकांनी वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो यंत्राला दाखवले, तेव्हा अचूकता सुमारे ३१ टक्क्यांवर आली. म्हणजे दहातली जवळपास सात उत्तरं चुकीची. संशोधकांनी हे लपवलं नाही. ठळक मात्र झाला तो ९९चा आकडा.

आता त्या संचात कोणती १४ पिकं होती तेही पाहा. ब्लूबेरी आहे, रासबेरी आहे. कापूस नाही, तूर नाही. सोयाबीन आहे, पण फक्त निरोगी पानांचं. संत्रावर्गात एकच रोग आहे, 'सिट्रस ग्रीनिंग'.

जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. इथल्या बागायतदाराची डोकेदुखी मात्र मंगू आणि डिंक्या. मंगू कोळी किडीमुळे होतो आणि दिसतो फळाच्या सालीवर. डिंक्या दिसतो खोडावर, तिथून डिंक पाझरतो. नुसता पानाचा फोटो मागणाऱ्या यंत्राला यातलं काय दिसणार? म्हणून प्रत्येक नव्या अ‍ॅपला पहिला प्रश्न हा विचारायला हवा : तुझ्या अभ्यासात आमची मोसंबी होती का?

चूक यंत्राची, भुर्दंड कुणाला?

चुकीचं उत्तर आलं की शेतकरी कृषी सेवा केंद्रातून चुकीचं औषध आणतो. फवारणीचा खर्च त्याचा, मजुरी त्याची, हातचा बहार गेला तर तोही त्याचाच. अ‍ॅप बनवणाऱ्याच्या खिशाला झळ लागत नाही.

हे फक्त शेतीपुरतं नाही. शेजारच्या तेलंगणात सुमारे १९ लाख रेशनकार्डं संगणकाच्या पडताळणीवरून रद्द झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२२मध्ये न्यायालयाने रद्द कार्डांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन फेरतपासणी करायला सांगितलं. घरी कुणीतरी जाऊन बघा, एवढं सांगायला सर्वोच्च न्यायालय लागलं.

आपल्याकडे ई-पीक पाहणी २०२१पासून राज्यभर सुरू आहे. ते काही एआय नव्हे. पण उद्याची यंत्रं अशाच नोंदींवर शिकतील. बांधावर रेंज नाही म्हणून आज नोंद राहिली, तर उद्या यंत्राच्या लेखी ते पीक नव्हतंच.

आणि हा 'उद्या' फार लांब नाही. शेतीतल्या एआयसाठीचं 'महाअ‍ॅग्री-एआय' धोरण राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५मध्ये मंजूर केलं, पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटींची तरतूद केली. केंद्राचं 'इंडिया एआय मिशन' १० हजार ३७१ कोटींचं आहे. पैसा आला, अ‍ॅप आली. ती तपासून घेणारी माणसं गावात कोण तयार करणार?

अंबडच्या शाळेत काय असावं?

पाच दिवस पुरेत. महागडे संगणकही नकोत. कॉलेजचे किंवा आयटीआयचे वर्ग सुटीत रिकामे असतात आणि फोन प्रत्येकाच्या खिशात आहे.

• पहिला दिवस : विद्यार्थी बागेत. मोसंबीच्या पानांचे, सालींचे, खोडांचे फोटो. सावलीतले, उन्हातले, धुळीतले.

• दुसरा दिवस : बागायतदार आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राचे तज्ज्ञ एकत्र बसून प्रत्येक फोटोला नाव देतील. मतभेद झाला तर तोही लिहून ठेवायचा.

• तिसरा दिवस : हेच फोटो उपलब्ध अ‍ॅपना दाखवायचे. किती बरोबर, किती चूक, याचा तक्ता करायचा.

• चौथा दिवस : बोली. माणूस इथल्या मराठीत बोलला, तर यंत्राला कळतं का? आशाताई, अंगणवाडी सेविका आणि सेतू केंद्र चालवणारा मुलगा इथे शिक्षक म्हणून बसतील.

• पाचवा दिवस : तक्रार. चुकांचा अहवाल करून कृषी विभागाला आणि अ‍ॅप बनवणाऱ्यांना पाठवायचा, त्यांच्याकडून उत्तर मागायचं.

'आधी वापरायला तर शिकवा'

हा आक्षेप येणार आणि तो रास्त आहे. अंबडच्या मुलांना नोकरी हवी. त्यांना आधी चॅटजीपीटी आणि कोडिंग शिकवा, तत्त्वज्ञान नंतर बघू, असं पालक म्हणतील. पण वापरायला शिकवणारे व्हिडिओ यूट्यूबवर फुकट आहेत. यंत्र कुठे चुकतं हे पुराव्यानिशी दाखवणं, हे वेगळं कौशल्य आहे आणि एआय बनवणाऱ्यांना ते करणारी माणसं लागतातच. मोसंबीची बाग लहानपणापासून पाहिलेला मुलगा या कामात मुंबईच्या मुलापेक्षा चार पावलं पुढे असेल.

एक अट मात्र हवी. बागायतदाराने दिलेला फोटो आणि माहिती त्याच्या परवानगीशिवाय कुठल्याही कंपनीला जाता कामा नये. हे पहिल्या दिवशीच लिहून द्यायला हवं. माणसाला केंद्रस्थानी ठेवण्याची सुरुवात तिथूनच होते.

५०० कोटींच्या धोरणात पाच दिवसांच्या शाळेचा खर्च किरकोळ आहे. कृषी विभाग, विद्यापीठ आणि स्थानिक कॉलेज यांनी मनावर घेतलं तर येत्या मे महिन्यातच ती भरू शकते. फोटोंसाठी मोसंबीच्या बागा तयारच आहेत.