वणवा विझला, आता रस्त्याकडे पाहा

३ डिसेंबर २०१८ च्या संध्याकाळी गोरेगाव पूर्वेला दिंडोशीच्या डोंगरावर, जनरल अरुणकुमार वैद्य मार्गालगतच्या आयटी पार्कमागे आग लागली. आसपासच्या उंच इमारतींतून लोकांनी ज्वाळांची रांग डोंगर चढताना पाहिली. अग्निशमन दलाचे बंब आले, पण डोंगरात आतपर्यंत गाडी जाईल अशी वाटच नव्हती. शेवटी जवान आणि वनकर्मचारी पायी वर गेले. आग रात्री उशिरापर्यंत धुमसत होती. पुढचे काही दिवस आग कोणी लावली, जमीन कोणाची, झाडे किती जळाली यावर भरपूर चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. मात्र जळालेल्या उतारावरून जाणाऱ्या वाटांचे पुढच्या पावसाळ्यात काय होणार, हा प्रश्न त्या चर्चेत फारसा आला नाही. आजही असा वणवा विझला की बातमी संपते आणि वाटेवर मात्र काम तिथूनच सुरू व्हायला हवे असते.

गोरेगावात जंगलातला रस्ता ही काही दूरची गोष्ट नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे शंभराहून अधिक चौरस किलोमीटर, त्याला लागून १९४९ मध्ये वसवलेली आरे दुग्ध वसाहत, चित्रनगरी आणि दिंडोशीचे डोंगर हा सगळा एकच सलग उतार आहे. त्यावर डांबरी रस्ते आहेत, मुरमाचे रस्ते आहेत, वनखात्याच्या गस्तीच्या वाटा आहेत. आरेतल्या २७ आदिवासी पाड्यांपैकी अनेकांना जोडणाऱ्या पायवाटा आणि अर्धवट खडीच्या वाटाही आहेत. साप चावलेल्या माणसाला किंवा अडलेल्या बाळंतिणीला रुग्णवाहिकेपर्यंत आणायचे ते याच वाटांनी. विषारी सर्पदंशात लवकर रुग्णालयात पोहोचणे हाच उपचाराचा पहिला भाग असतो. तेव्हा मोरी वाहून जाणे ही बांधकाम खात्याइतकीच आरोग्य खात्याचीही बाब आहे.

आता आगीने नेमके काय बिघडते ते पाहू. पावसाचा थेंब उघड्या मातीवर आदळला की मातीचे कण सुटतात. गवत आणि पालापाचोळा हा मार स्वतःवर घेतात, पाण्याला अडवतात, मुरायला वेळ देतात. वणव्यात हे पांघरूण जाते. उरलेली राख आणि सुटे कण मातीची बारीक छिद्रे बुजवतात. पाणी मुरण्याऐवजी पृष्ठभागावरून धावू लागते. आगीत आणखी एक प्रकार घडू शकतो. पाल्यातले मेणासारखे पदार्थ तापून वाफ होतात, खाली थंड मातीत जाऊन कणांवर बसतात आणि माती काही काळ पाणी झटकू लागते. यासाठी मातीचे तापमान साधारण १७५ ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत जावे लागते.

अमेरिकेतल्या वणव्यांविषयीच्या लेखांत या पाणी झटकणाऱ्या थराचे फार मोठे वर्णन असते आणि ते जसेच्या तसे इथे लावण्याचा मोह होतो. तो टाळावा. आपल्याकडचे वणवे बहुतेक गवताचे असतात. ज्वाळा झपाट्याने पुढे सरकतात, मातीत खोलवर उष्णता जात नाही, गवताची मुळे बरीचशी जगतात. म्हणून आपल्या डोंगरावर मुख्य नुकसान आहे ते पांघरूण जाण्याचे. जिथे पाल्याचा ढीग किंवा पडलेले ओंडके तासन्‌तास धुमसले, अशा मोजक्या जागी मातीही भाजते. त्या जागा हाताने ओळखता येतात. माती उकरून तिच्यावर पाण्याचे चार थेंब टाकायचे. ते मोत्यासारखे तसेच बसून राहिले, तर ती जागा यादीत लिहायची.

या धावत्या पाण्याच्या वाटेत रस्ता आडवा येतो. डोंगर कापून रस्ता काढला की उतारावर पसरून वाहणारे पाणी कापलेल्या कडेशी अडते, गटारात शिरते आणि एका धारेत गोळा होते. हिशेब साधा आहे. शंभर मीटर लांब, चार मीटर रुंद रस्त्यावर दिवसभरात शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर निव्वळ रस्त्यावरचेच पाणी ४० हजार लिटर होते. त्या शंभर मीटरच्या वर शंभर मीटर उंचावत गेलेला उतार असेल, तर त्यावर पडलेले पाणी दहा लाख लिटर भरते. गवत असताना यातले बरेचसे जमिनीत जाते किंवा रेंगाळत येते. गवत जळाले असेल तर त्याचा मोठा वाटा थोड्या वेळात गटारात येतो, तोही राख, गोटे आणि अर्धवट जळालेल्या फांद्या घेऊन. आणि मुंबईत दिवसाला शंभर मिलिमीटर म्हणजे काही विक्रम नव्हे. सांताक्रूझच्या वेधशाळेत २६ जुलै २००५ च्या एका दिवसाची नोंद ९४४ मिलिमीटरची आहे.

बहुतेक वेळा मोरी लहान असते म्हणून रस्ता जात नाही. ती तुंबते म्हणून जातो. एखादा ओंडका तोंडाशी आडवा होतो, त्याला पाला अडतो, त्यामागे गाळ बसतो. मग पाणी रस्त्यावर चढते. रस्ता पुढे उताराला असेल तर ते रस्त्यालाच ओढा समजून शेकडो मीटर वाहत जाते आणि जिथे भराव कच्चा, तिथून खाली कोसळते. भरावाच्या मातीला एकदा खाच पडली की ती बघता बघता वरपर्यंत सरकते.

कॅलिफोर्नियातल्या किनारी महामार्गावर रॅट क्रीक इथे हेच मोठ्या प्रमाणावर घडले. ऑगस्ट २०२० मध्ये लागलेल्या डोलन वणव्यात वरचे डोंगर जळाले होते. जानेवारी २०२१ च्या मुसळधार पावसात चिखल, दगड आणि झाडांचा लोंढा खाली आला, मोरी बुजली, पाणी रस्त्यावरून गेले आणि दोन्ही मार्गिकांचा सुमारे ४५ मीटरचा तुकडा समुद्राकडे वाहून गेला. रस्ता एप्रिलअखेरीस सुरू झाला, तो आधीपेक्षा मोठी मोरी घालूनच. तिथल्या वनसेवेची रीत अशी, की संघराज्याच्या वनजमिनीवरचा वणवा आटोक्यात येत असतानाच मृदातज्ज्ञ, जलतज्ज्ञ आणि अभियंत्यांचे पथक फिरते आणि आग आटोक्यात आल्यावर साधारण सात दिवसांत तातडीच्या कामांची यादी देते. त्यांना घाई असते, कारण उन्हाळ्याच्या शेवटी लागलेल्या आगीनंतर लगेच हिवाळी पाऊस येतो.

आपले वेळापत्रक निराळे आहे. इथे आग डिसेंबरपासून मेपर्यंत कधीही लागते आणि पाऊस येतो जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास. डिसेंबरात जळालेल्या उताराला सहा महिने मिळतात, मार्चच्या आगीला तीन. पण या काळात पाऊस नसल्याने गवतही परत येत नाही. म्हणजे पहिली सर उघड्या डोंगरावरच पडते. निसर्ग आपल्याला काम करायला वेळ देतो; ते काम स्वतः मात्र करत नाही. हा वेळ आपण बहुधा नुसता बघत घालवतो.

काम कोणते, हे महाराष्ट्राला नव्याने शिकवायची गरज नाही. माथा ते पायथा हे पाणलोटाचे सूत्र इथल्या खेड्यापाड्यांतल्या लोकांना पाठ आहे. वरच्या उतारावर सलग समतल चर, ओघळीत अनघड दगडी बांध, मोठ्या ओघळीत जाळीचे दगडी बंधारे. फरक इतकाच, की शेतासाठी आपण पाणी मुरवायला हे करतो आणि इथे पाण्याचा वेग मोडायला करायचे. एक सावधगिरी मात्र हवी. मुंबईच्या या डोंगरांत खाली बेसॉल्टचा आणि ज्वालामुखीय खडकाचा कठीण थर आणि वर मुरूम-मातीची पातळ चादर आहे. खूप तीव्र उतारावर, रस्त्याच्या अगदी वर चर खोदून पाणी भरून ठेवले, तर ते खडक आणि मातीच्या सांध्यात उतरते आणि चादर घसरायला मदतच करते. अशा ठिकाणी चर नको. पाणी बाजूच्या नैसर्गिक ओघळीत वळवायचे.

रस्त्यावरची कामे त्याहून साधी आहेत. कच्च्या वाटेवर ठरावीक अंतराने तिरका, हातभर उंचीचा माती-दगडाचा उंचवटा घालायचा, म्हणजे वाटेवरून धावणारे पाणी बाजूला पडते. दहा टक्के चढ असेल तर साधारण दर २५ मीटरला, पाच टक्क्यांना दर ४० मीटरला एक, असा अंदाज वनरस्त्यांसाठी वापरला जातो. पाणी जिथे बाहेर पडते तिथे दगडांची रास हवी, नाहीतर तेच नवी ओघळ कोरते. चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या बुजवायच्या, कारण प्रत्येक चाकोरी म्हणजे एक छोटा पाट असतो. मोरीच्या वरच्या बाजूला काही अंतरावर खांब रोवून ओंडके अडवायचे. आणि जिथे मोरी वारंवार तुंबते, तिथे ती काढून दगडी फरशी करावी. कोकणातल्या ओढ्यांवरची जुनी फरशी पुरात पाण्याखाली जाते, दोन तास वाट पाहायला लावते, पण सकाळी जागेवर असते. पाड्याच्या वाटेसाठी हे पुष्कळदा नळकांड्याच्या मोरीपेक्षा शहाणपणाचे. अर्थात जिथे दुसरी वाटच नाही, तिथे ते दोन तासही परवडत नाहीत आणि मोठी मोरीच लागते.

भरावाच्या कडेला वाळ्याची रांग लावता येते. त्याची मुळे खोल, दाट आणि सरळ खाली जातात. पण ती धरायला एक पावसाळा जातो, त्यामुळे पहिल्या जूनचे रक्षण वाळा करणार नाही. ते दगड आणि पाल्याचे आच्छादन करील. जळालेल्या फांद्या उचलून नेण्यापेक्षा उताराला आडव्या पसरून ठेवणे चांगले.

काय करू नये, तेही सांगायला हवे. आगीनंतर ‘रस्ता नीट करा’ असा आदेश निघाला की जेसीबी येतो, कडा आणखी कापतो आणि सुटी माती खालच्या बाजूला लोटतो. पहिल्या पावसात ती माती सरळ ओढ्यात जाते. आरेतून ओशिवरा नदी निघते. वर टाकलेला गाळ खाली गोरेगावच्याच नाल्यात येऊन बसतो आणि मग त्याच्या उपशासाठी पुन्हा कंत्राट निघते. दुसरी चूक संरक्षक भिंतीची. भिंत बांधायची आणि मागचे पाणी निघायला छिद्रे ठेवायची नाहीत, किंवा ठेवलेली साफ करायची नाहीत. २ जुलै २०१९ च्या पहाटे शेजारच्या मालाडला पिंपरीपाडा-आंबेडकरनगरात भिंत कोसळून सुमारे तीस माणसे गेली. त्या दुर्घटनेचा वणव्याशी संबंध जोडणे चूक ठरेल. पण डोंगरावरून आलेले पाणी भिंतीमागे साचले तर काय होते, हे या भागाला कोणी समजावून सांगण्याची गरज उरलेली नाही. जळालेल्या उताराखाली अशी भिंत असेल, तर तिची तपासणी मे महिन्याच्या यादीत सर्वांत वर असायला हवी.

खरी अडचण ज्ञानाची नाही, हद्दीची आहे. राष्ट्रीय उद्यान वनखात्याकडे. आरेतली ८०० हून थोडी अधिक एकर जमीन २०२१ मध्ये वनखात्याकडे आली, उरलेली बरीचशी दुग्धविकास खात्याची. शहराचे रस्ते आणि नाले महापालिकेचे. मध्येच खासगी मालकीचे तुकडे. ओघळ मात्र यातली एकही रेघ पाळत नाही. दर वर्षी नालेसफाईचे टक्के जाहीर होतात, त्यावर वाद होतात. पण ते टक्के सपाटीवरच्या नाल्यांचे असतात. त्याच नाल्याला पाणी आणून देणारी डोंगरातली मोरी कोणाच्या टक्क्यात मोजायची, याचे उत्तर सापडत नाही. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्यासाठी उद्यानाखालून ४.७ किलोमीटरचे जुळे बोगदे आखले आहेत. त्यांच्यासाठी भूगर्भाचा अभ्यास होतो, सल्लागार नेमले जातात. ते योग्यच आहे. त्याच डोंगरावरच्या तीन मीटरच्या वाटेला निदान एक फेरी मिळायला काय हरकत आहे? एप्रिलच्या शेवटी वनखाते, आरे प्रशासन आणि महापालिकेच्या विभाग कार्यालयाचा एकेक अभियंता, सोबत पाड्यावरचा वाट माहीत असलेला माणूस, यांनी जळालेल्या पट्ट्यातून दोन दिवस चालायचे आणि प्रत्येक मोरीपुढे एका खात्याचे नाव लिहायचे. मजुरीची कामे पाड्यांतल्याच लोकांना द्यावीत. दगडी बांध त्यांना नवे नाहीत आणि वाट तुटली तर पहिले तेच अडकतात.

यादीतली कामे झाली तरी गस्त लागतेच. कोकण रेल्वे दर पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी करते आणि कटिंगांपाशी गस्तीची माणसे ठेवते, कारण दरड आधी सांगून येत नाही, पण रुळावर आलेला पहिला दगड कोणीतरी पाहिला तर गाडी थांबवता येते. आरे-दिंडोशीच्या वाटांसाठी इतकी मोठी यंत्रणा नको. जोराच्या सरीनंतर दोन माणसांनी फावडे-कोयता घेऊन मोऱ्यांची तोंडे मोकळी करत जाणे पुरेसे आहे, आणि माती ओली असेपर्यंत जड वाहनांना मनाई.

ही गस्त एका पावसाळ्यापुरती ठेवून भागणार नाही. गवत पहिल्याच जुलैत परत येते आणि डोंगर हिरवा दिसू लागतो. मेलेल्या झाडांची मुळे मात्र काही वर्षे हळूहळू कुजत राहतात आणि त्यांनी धरून ठेवलेली माती तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यातही सुटू शकते. म्हणून मोऱ्यांच्या त्या यादीवर आगीची तारीख लिहून ठेवावी आणि किमान चार जून ती पुन्हा बाहेर काढावी.