मोजे घालता येतात काय?

प्रश्नावली हाही एक लेखनप्रकार आहे, पण त्याची समीक्षा आपण सहसा करीत नाही. कादंबरीतले पात्र कोणत्या वर्गातले, त्याच्या तोंडी कोणाची भाषा घातली आहे, लेखकाने वाचक म्हणून कोणाला गृहीत धरले आहे, हे आपण नेहमी विचारतो. इस्पितळातल्या छापील कागदापुढे मात्र शास्त्र समजून हात जोडतो. मांडीचे हाड मोडलेल्या किंवा खुब्याचा सांधा बदललेल्या माणसाला 'तुम्ही कितपत बरे झालात?' असे विचारणाऱ्या ज्या प्रश्नावल्या जगभर चालतात, त्या एकदा यवतमाळ जिल्ह्यात बसून वाचाव्यात. त्यांचा नायक कोण हे चटकन कळते. तो खुर्चीवर बसतो, मोजे घालतो, मोटारीत चढतो-उतरतो आणि टबात आंघोळ करतो.

ही अतिशयोक्ती नव्हे. १९६९ साली विल्यम हॅरिस ह्या बॉस्टनच्या शल्यविशारदाने खुबा निखळल्यानंतर किंवा त्याची उखळी मोडल्यानंतर झिजलेल्या सांध्यांवरील शस्त्रक्रियांचा आढावा घेतला आणि त्यासाठी शंभर गुणांची एक मोजपट्टी मांडली. 'हॅरिस हिप स्कोर' ह्या नावाने ती आजही वापरात आहे. तीत वेदनेला ४४ गुण, कार्यक्षमतेला ४७, सांध्याच्या हालचालीला ५ आणि व्यंग नसण्याला ४. कार्यक्षमतेच्या ४७ गुणांची फोड मोठी बोलकी आहे. लंगडणे, आधार घेणे आणि चालण्याचे अंतर ह्यांना प्रत्येकी ११, बसण्याला ५, जिन्याला ४, बूट-मोजे घालण्याला ४ आणि सार्वजनिक वाहनात चढता येण्याला १. बसणे म्हणजे खुर्चीवर बसणे. साध्या खुर्चीत तासभर आरामात बसता आले की पैकीच्या पैकी गुण. मांडी घालून, उकिडवे किंवा पाटावर बसणाऱ्याला शून्यही मिळत नाही, कारण त्याच्यासाठी रकानाच नाही.

आता हे गुण उमरखेडच्या एखाद्या शेतमजूर बाईला लावून पाहा. यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तिथून सुमारे शंभर किलोमीटर. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांना पुन्हा दाखवायचे तर एसटीची उंच पायरी चढणे भाग आहे. ती चढता आली नाही तर तिची तपासणीच होणार नाही आणि ती कोणत्याही नोंदीत येणार नाही. एवढ्या निर्णायक कृतीला शंभरात एक गुण, आणि जे तिने जन्मात घातले नाहीत त्या मोज्यांना बुटांसकट चार!

हॅरिसला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने आपल्यासमोरचे रुग्ण पाहिले आणि त्यांच्या आयुष्यातून प्रश्न काढले; चांगला लेखकही हेच करतो. १९८८ची 'वोमॅक', १९९६ आणि १९९८ सालच्या खुब्याच्या व गुडघ्याच्या 'ऑक्सफर्ड' प्रश्नावल्या आणि हातासाठीची 'डॅश' ह्या सगळ्या अशाच प्रामाणिकपणे घडल्या आहेत. ऑक्सफर्डच्या गुडघ्याच्या प्रश्नावलीत गुडघे टेकून पुन्हा उठता येते का, असा प्रश्न आहे. आपल्याकडच्या जगण्याच्या तो त्यातल्या त्यात जवळ येतो. 'डॅश'मध्ये मात्र हाताच्या कामांची उदाहरणे म्हणून गोल्फ, टेनिस आणि फ्रिसबी येतात. आक्षेप आहे तो आपल्यावर. परक्या घराची मापे घेऊन शिवलेला अंगरखा आपण आपल्या रुग्णाला चढवतो, आणि तो बसला नाही की रुग्णाच्या अंगाला नावे ठेवतो.

यावर ठरलेले उत्तर असे की ह्या प्रश्नावल्यांचे मराठी भाषांतर करून घेता येते. येते ना. पण भाषांतराचे काम शब्दाला शब्द ठेवून संपत नाही, हे निदान साहित्याच्या वाचकाला सांगावे लागू नये. 'स्टॉकिंग'ला 'मोजे' आणि 'बाथ'ला 'न्हाणीघर' लिहिले की वाक्य मराठी होते. प्रश्न इंग्रजीच राहतो. आणि हे काम अशक्यही नाही. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेस ह्या संस्थेने वोमॅकची भारतीय राहणीला अनुरूप अशी आवृत्ती तयार केली आणि ती औषधांच्या चाचण्यांत वापरलीही गेली. त्याहून जुने उदाहरण जयपूर फूटचे. १९६८च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा ह्यांनी कृत्रिम पाय घडवला, तो अनवाणी चालता येते का, उकिडवे बसता येते का, चिखलात उतरता येते का, हे प्रश्न आधी विचारून. परदेशी पायाला बूट लागे आणि खुर्ची लागे. प्रश्न बदलले तेव्हा वस्तू बदलली.

यवतमाळात प्रश्न कोणते असतील? वावरात जाताना धुरा ओलांडता येतो का? पावसाळ्यात काळी माती पायाला धरते तेव्हा तोल जातो का? निंदण करताना उकिडवे बसून पुढे सरकता येते का? भरलेला गुंड डोक्यावर घेऊन चालता येते का? मनगट मोडले असेल तर बोंडातला कापूस चिमटीने किती वेळ ओढता येतो? ह्या शेवटच्या प्रश्नाशी थोडे थांबू. मनगटाच्या ज्या अस्थिभंगाला अब्राहम कॉलेसचे नाव आहे, त्याचे वर्णन त्याने १८१४ साली केले, क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या ऐंशी वर्षे आधी. हाड वाकडे जुळले तरी हात कालांतराने मोकळा हलू लागतो, दुखेनासा होतो, असे त्याचे निरीक्षण होते. ते सर्वांना लागू पडत नाही, हे नंतरच्या अनुभवाने दिसले. चित्रात वाकडे दिसणारे मनगट कधी झकास चालते आणि चित्रात सरळ दिसणारे कधी घट्ट होऊन बसते. हाड जुळले की नाही ते चित्र सांगते. बाई कामाला लागली की नाही ते बाईलाच विचारावे लागते.

खरे तर तिच्या बरे होण्याचे मोजमाप रोज होतेच आहे. कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते. संध्याकाळी तोलकाट्याला गाठोडे लागते आणि पूर्वीपेक्षा किती किलो कमी भरले ते तिला, मुकादमाला आणि शेजारच्या तासातल्या बाईला नेमके कळते. जिल्ह्यात पुनर्वसनाची एवढी काटेकोर मोजणी दुसरी कोणी करीत नसेल. फक्त तिचा निकाल इस्पितळापर्यंत पोहोचत नाही.

शासकीय योजनांची मोजपट्टी आणखी ढोबळ आहे. २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले ह्यांचे नाव असलेली योजना गरिबांच्या शस्त्रक्रियांचा खर्च उचलते; ती चांगलीच गोष्ट आहे. पण पैसे ठरतात ते शस्त्रक्रियेच्या प्रकारावर, सहा महिन्यांनी तो माणूस काय करू शकतो ह्यावर नाही. गोपीनाथ मुंडे ह्यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना पाहा. दोन अवयव निकामी झाले तर दोन लाख, एक झाला तर एक लाख. पाय आहे पण तिरपा जुळला आहे, दोन इंचांनी आखूड झाला आहे, वखर धरता येत नाही, अशा शेतकऱ्याचा पाय ह्या हिशेबात शाबूत ठरण्याचीच शक्यता अधिक.

शल्यविशारदांचा एक आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळता येणार नाही. कृत्रिम सांधा बसवल्यावर उकिडवे बसू नये, मांडी घालू नये, असे ते बजावतात. सांधा निखळण्याची आणि झिजण्याची भीती असते. मग जे करायचेच नाही ते मोजायचे कशाला? माझे उत्तर असे की मनाई केलेली गोष्टही हानी म्हणून मांडली गेली पाहिजे. सरकारी अनुदानातून गावोगाव बांधलेल्या शौचालयांत बहुतेक ठिकाणी भारतीय पद्धतीचे भांडे आहे. चूल जमिनीवर आहे. मजुरी जमिनीलगत आहे. ज्या विदर्भात सिकलसेलमुळे खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून ऐन तरुणपणी सांधा निकामी होतो, तिथे असा रुग्ण पुढची तीस-चाळीस वर्षे काम करणार आहे. त्याच्या कागदावर 'उत्तम' असा शेरा पडतो आणि त्याचे काम मात्र सुटलेले असते. ह्या दोन नोंदी एका पानावर आल्याखेरीज कमोडची खुर्ची, दुसरे काम किंवा भरपाई कोणी कोणाकडे मागावी?

साहित्यिक वर्तुळातून वेगळाच सूर येतो. दुःख मोजता येत नाही, आकडा लावला की माणसाची वस्तू होते, वगैरे. हे वाक्य ऐकायला गोड आहे आणि बहुधा धडधाकट माणसाच्या तोंडी असते. न मोजल्यामुळे कोणाची सोय होते ते एडवर्ड कॉडमन ह्या खांद्याच्या शल्यविशारदाच्या चरित्रावरून पाहावे. प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड करावे, वर्षभराने त्याला गाठून तो कसा आहे ते लिहावे आणि बरा नसेल तर का नाही तेही लिहावे, एवढेच त्याचे म्हणणे होते. शल्यविशारदांची बढती ज्येष्ठतेवर न होता अशा निकालांवर व्हावी असे तो म्हणू लागला, तेव्हा बॉस्टनच्या प्रतिष्ठित वैद्यकवर्तुळाला तो नकोसा झाला. १९१४ साली तो मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधून बाहेर पडला. १९११ साली काढलेल्या आपल्या छोट्या इस्पितळातल्या ३३७ रुग्णांचा हिशेब त्याने छापला आणि त्यांत स्वतःच्या १२३ चुका नोंदवल्या. आकड्याने इथे वस्तू कोणाची झाली? झाली असलीच तर डॉक्टरच्या प्रतिष्ठेची.

इंग्लंडने हे शहाणपण उशिरा का होईना घेतले. २००९ पासून तिथे खुबा व गुडघा बदलणाऱ्यांना शस्त्रक्रियेआधी आणि सुमारे सहा महिन्यांनी ऑक्सफर्डचे प्रश्न विचारले जातात. आपल्याकडे 'काही वाटले तर दाखवायला या' असे सांगितले जाते, आणि जो येत नाही तो बरा झाला असे मनोमन धरले जाते. भाड्याला पैसे नाहीत म्हणून न आलेला आणि ठणठणीत म्हणून न आलेला, दोघांची रिकामी जागा सारखीच दिसते.

विचारणार कोण, ह्या प्रश्नाचे उत्तर गडचिरोलीने केव्हाच दिले आहे. अभय व राणी बंग ह्यांच्या 'सर्च'ने खेड्यातल्या बायकांना नवजात बाळांची तपासणी शिकवली आणि त्यांच्या नोंदींवर उभा राहिलेला अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. पुढे आशा कार्यकर्तीच्या कामात बाळाच्या घरभेटी आल्या आणि त्यांना मोबदलाही आला. मोडलेल्या पायाच्या घरभेटीला तसा मोबदला ठेवावा. फुकट काम तिच्यावर आणखी लादू नये.

आणि विचारायचे केव्हा, हेही नव्याने ठरवावे लागेल. सहा महिन्यांचा इंग्रजी हिशेब इथे फसवा आहे. दिवाळीत शस्त्रक्रिया झालेल्या बाईला सहा महिन्यांनी, म्हणजे वैशाखात, विचारले तर वावर मोकळे असते, ती ओसरीवर बसलेली असते आणि तिचे गुण भरघोस येतात. तिला एकदा श्रावणात निंदणाच्या वेळी विचारावे आणि पुन्हा पहिल्या वेचणीला.