कोरड्या हातांची हातचलाखी

हातचलाखी शिकवणाऱ्या पुस्तकांत एक हात गृहीत धरलेला असतो. तो मऊ असतो, किंचित ओलसर असतो आणि त्याची बोटे लांबसडक असतात. त्याच्या तळव्यात नाणे दाबले की ते तेथेच राहते, आणि त्याच्या अंगठ्याने ढकललेले पान नेमके हवे तेवढेच सरकते. आकृत्यादेखील त्याच हाताच्या काढलेल्या असतात. वाचणाऱ्याचा हात तसा नसला तर काय करावे, यावर फारसा मजकूर सापडत नाही. आपल्याकडची जाणकार मंडळी तर या प्रश्नाचा निकाल एका वाक्यात लावतात : "तुझे हात कोरडे आहेत, तुला हे जमायचे नाही."

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या निवडीच्या वेळी हेच वाक्य माझ्या वाट्याला आले. मी खिशातून नाणे काढण्यापूर्वीच माझा तळहात चाचपून पाहिला गेला आणि "हे हात जादूगाराचे नव्हेत, तू नाटकात का नाही जात?" असा प्रेमळ सल्ला मिळाला. कार्यक्रम पाहून नापसंत केला असता तर माझे काही म्हणणे नव्हते. पण हात पाहून माणूस बाद करायचा ही कुठली रीत?

आधी कोरडा हात म्हणजे काय ते पाहू. तळहाताच्या कातडीत तेल सोडणाऱ्या ग्रंथी नसतातच. घामाच्या ग्रंथी मात्र दाटीने असतात. थोडासा घाम आला की कातडीचा वरचा थर मऊ पडतो, वस्तूला अधिक जागी टेकतो आणि पकड वाढते. घाम फार झाला तर मध्ये पाण्याचा पापुद्रा येतो आणि वस्तू पुन्हा निसटू लागते. म्हणजे घामट हातांचीही अडचण असतेच, पण त्यांना कोणी नाटकात पाठवत नाही! उलट, वारंवार साबण लागला, थंडीची हवा लागली, चुना किंवा सिमेंट लागले की हात रखरखीत होतो. ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते. ते कातडीतला स्निग्धांश काढून घेते. माझे वडील गवंडी आहेत आणि सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली माल कालवतो, म्हणून हे मला पुस्तकाबाहेरही ठाऊक आहे. (आमच्या प्राध्यापकांनी वर्षानुवर्षे खडू धरलेली आपली बोटेही एकदा निरखून पाहावीत. या बाबतीत आपण एकाच पंगतीचे आहोत.)

आता उपायांविषयी. सर्वांत जुना उपाय म्हणजे बोटाला थुंकी लावणे. एस.टी.त कागदी तिकिटांचे गठ्ठे होते तेव्हा कंडक्टर तेच करीत, आणि किराणा दुकानदार वहीचे पान उलटताना अजूनही करतात. हातचलाखीत मात्र ही सवय मला मुळीच पसंत नाही. एक तर ज्या हालचालीवरून लक्ष उडवायचे, तिचीच ती आगाऊ वर्दी असते. दुसरे म्हणजे तेच पत्ते आपण पुढच्या क्षणी प्रेक्षकाच्या हातात देतो. २०२० सालच्या साथीनंतर तरी हे कोणाला सांगावे लागू नये. त्यापेक्षा बँकेतल्या कॅशियरची ओल्या स्पंजची डबी कितीतरी शहाणी. खिशात ओलसर रुमालाची घडी ठेवली तरी काम भागते. तेही नसेल तर बोटांच्या टोकांवर तोंडाची ऊब सोडावी. श्वासातला दमटपणा दोन मिनिटांच्या खेळाला पुरतो.

तेल आणि मलम यांची गोष्ट वेगळी. खोबरेल लावून पत्ते हाताळले की पानांवर डाग पडतात आणि जोड एका दिवसात वाया जातो. वॅसलीन किंवा कोकमतेल रात्री झोपताना लावावे. भेगा भरून येतात आणि सकाळी हात धुतला की चिकटपणा राहत नाही. खेळाच्या दिवशी मात्र मी ग्लिसरीनचे दोनच थेंब पाण्यात मिसळून अर्धा तास आधी चोळतो आणि कोरड्या फडक्याने पुसून टाकतो. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते, एवढेच त्याचे काम. जास्त लावले की पत्ते एकमेकांना चिकटतात.

पण उपायांची ही यादी कितीही वाढवली तरी माझा मूळ मुद्दा वेगळाच आहे. हाताला विद्येच्या साच्यात बसवण्यापूर्वी विद्या हाताला जुळवून घेता येते का, हे कोणी पाहतच नाही. नाण्याचेच घ्या. तळव्याच्या मध्यभागी नाणे धरण्याची जी प्रसिद्ध रीत आहे, तिच्यात अंगठ्याखालचा उंचवटा आणि करंगळीकडचा उंचवटा यांच्या दाबावर नाणे तोलले जाते. कोरड्या हातातून ते घसरते, हे खरे. शिवाय इंग्रजी पुस्तकांतला अमेरिकन अर्धा डॉलर ३०.६ मिलिमीटरचा, आपले दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटरचे. आधार आणखी कमी! पण किंचित वाकवलेल्या बोटांच्या मुळाशी नाणे नुसते ठेवण्याचीही एक रीत आहे. तेथे नाणे हाताला चिकटण्याची गरजच नाही. ते बोटांच्या पन्हळीत निवांत पडून असते, आणि हात अधिक नैसर्गिक दिसतो. मग पहिल्याच रीतीचा हट्ट कशाला?

पत्त्यांतही तेच. दोन पाने एक म्हणून उचलताना अंगठ्याने ढकलण्यावर विसंबू नये. मागच्या कडेवर अंगठ्याच्या टोकाने दोन पाने मोजून आधीच फट धरून ठेवावी. आणि पंखा उघडत नसेल तर आधी जोड तपासावा. पारावर महिनाभर रमीला वापरलेले पत्ते मेणाच्या हातांनाही दाद देणार नाहीत.

काही कामे तर कोरड्या हातालाच साधतात. आपले मदारी जमिनीवर बसून वाट्या आणि गोळ्यांचा जो खेळ करतात, त्यातल्या कापडी गोळ्या खरबरीत कातडीवर छान अडकून राहतात. मोकळ्या हातातून भस्म काढण्याचा बुवाबाजीचा प्रयोगही तसाच. बोटांच्या बेचक्यात दडवलेली राखेची गोळी कोरड्या हातात भुरभुरीत फुटते. ओल्या हातात तिचा चिखल होतो. १९८९ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. तिचे कार्यकर्ते गावोगावी असे चमत्कार करून दाखवतात आणि लगेच त्यामागची युक्ती सांगतात. हे काम करायला मऊ हात लागत नाहीत.

कोणी म्हणेल, ही सारी दुबळ्याची पळवाट आहे. खऱ्या कलावंताला सगळ्या रीती यायला हव्यात. मला हे पटत नाही. मॅक्स मालिनी (१८७३–१९४२) याचे हात विलक्षण लहान होते; तरीही तो जगभर गाजला. अर्जेंटिनाचा रेने लावांद नवव्या वर्षी अपघातात उजवा हात गमावून बसला. दोन हातांसाठी लिहिलेली पुस्तके त्याच्या उपयोगाची नव्हती, म्हणून त्याने एका हाताची स्वतःची रीत घडवली आणि २०१५ साली मृत्यू येईपर्यंत तो या क्षेत्रात आदराने ओळखला गेला. शिकागोचा एड मार्लो तर यंत्रशाळेतला कामगार. पत्त्यांच्या विद्येत त्याने घातलेली भर आजही अभ्यासली जाते. यांतल्या कोणाचा हात आमच्या निवड समितीपुढे टिकला असता?

सराव लागतोच, त्याला पर्याय नाही. पण चुकीच्या रीतीचा सराव म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे. आमच्या कॉलेजात शेतात, भट्टीवर, हॉटेलात भांडी घासायला जाणारी मुले-मुली कमी नाहीत. त्यांच्यातल्या कोणाला नाणे नाहीसे करावेसे वाटले, तर त्याला त्याच्या हाताला जुळणारी रीत दाखवणारा कोणी भेटायला हवा. ग्रंथालयात या विषयावर मराठीत दोन-चार पुस्तके यावीत, असा अर्ज मी दिला आहे.

यंदाच्या निवड समितीला दोनच विनंत्या. आधी खेळ पाहावा आणि हात नंतर. आणि खेळ चालू असेपर्यंत रंगमंचावरचा तो मोठा पंखा बंद ठेवावा. त्याच्या वाऱ्याने ग्लिसरीन लावलेले हातसुद्धा पाच मिनिटांत सुकतात.

(एस. वाय. बी. ए.)