शेती ओझं म्हणे!

परवा कँटीनमध्ये पुन्हा तेच. "जवळपास निम्मा देश शेतीत, आणि उत्पन्नात वाटा जेमतेम 18 टक्के. ओझंच की!"

आकडे साधारण बरोबर आहेत हो. पण 1983 मध्ये वसंतदादांनी विनाअनुदानित कॉलेजांना वाट मोकळी केली, तेव्हा राजारामनगरला इंजिनिअरिंग कॉलेज निघालं. 1999 ला खुद्द आमच्या आष्ट्यात. वर्गातल्या कितीतरी पोरांची फी उसाच्या बिलातून जायची. आज ती हिंजवडीत कोड लिहितात, आणि त्यांचा पगार मोजला जातो 'सेवा क्षेत्रात'!

वर डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसाच्या इथेनॉलवर अचानक बंधनं, त्या हंगामात साखरेची निर्यातही बंद. कशासाठी? तर शहरातला चहा महागू नये म्हणून. मग ओझं कोण कुणाचं वाहतंय?

(ऊस पाणी फार पितो, जमिनी क्षारपड झाल्या, हे मान्य. त्यावर भांडू पुढच्या शनिवारी.)