सांडपाण्यातील नत्र : आधी शेताला, मग वाऱ्याला

सांडपाण्यात हवा खेळविली, दुर्गंधी गेली आणि पाणी निवळ दिसू लागले की शुद्धीकरण झाले, अशी समजूत अनेक ठिकाणी आढळते. ही समजूत अपुरी आहे. आणि ज्या गावाची विहीर सांडपाण्याच्या वाटेवर आहे, तेथे ती घातकही ठरू शकते.

मैलापाण्यात नत्र मुख्यतः अमोनियाच्या रूपात असतो. हवा मिळताच प्राणवायूवर जगणारे जंतू त्याचे प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करतात. वास जातो; नत्र मात्र पाण्यातच राहतो. नायट्रेटला माती धरून ठेवीत नाही. ते पाण्याबरोबर झिरपून विहिरीस मिळते. पिण्याच्या पाण्यात ते दर लिटरला ४५ मिलिग्रॅमहून अधिक नसावे, अशी भारतीय मानकाची मर्यादा आहे. अशा पाण्यात कालविलेल्या वरच्या दुधावर वाढणाऱ्या तान्ह्या मुलाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते व अंग निळे पडते. १९४५ साली अमेरिकेतील डॉ. कॉम्ली यांनी हा संबंध दाखवून दिला. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. ग्रामसेवकांनी हे घरोघरी सांगणे अगत्याचे आहे.

म्हणून हवा देण्याइतकेच ती वेळीच आवरण्याला महत्त्व आहे. पाण्यात विरघळलेला प्राणवायू जवळजवळ संपला म्हणजे दुसरे जंतू नायट्रेटमधील प्राणवायू वापरू लागतात आणि नत्र वायुरूपाने हवेत निघून जातो. ह्या जंतूंस लागणारे सेंद्रिय अन्न मैलापाण्यातच असते. हॉलंडात पास्वीर यांनी १९५४ साली लहान वस्तीसाठी लांबट गोल चर बांधून त्यात फिरत्या ब्रशाने पाण्यास हवा व गती दिली. ब्रशाजवळ प्राणवायू विपुल असतो. पुढे वाहता वाहता तो सरतो. हवेचे प्रमाण नीट राखल्यास अशा एकाच चरात दोन्ही कामे साधतात.

परंतु हे काम फुकट होत नाही. अमोनियातील एक किलो नत्राचे नायट्रेट होण्यास सुमारे साडेचार किलो प्राणवायू लागतो, आणि यंत्राने तो पुरवावयाचा तर वीज खर्चावी लागते. एकीकडे कारखान्यात हवेतील नत्र बांधून युरिया करावयाचा आणि दुसरीकडे वीज खर्चून तोच नत्र हवेत सोडावयाचा, हा व्यवहार शेतकऱ्यास पटण्याजोगा नाही.

आमचे मत असे की, जेथे जमीन आहे तेथे ह्या नत्रावर पहिला हक्क पिकाचा. रोगजंतूंचा बंदोबस्त केलेले पाणी चाऱ्यास व झाडांस गरजेपुरतेच द्यावे आणि त्यातील नत्र खताच्या मात्रेतून वजा करावा. कच्च्या खावयाच्या भाज्यांस ते देऊ नये. जेथे जमीन अपुरी आहे, किंवा पावसाळ्यात पिकास पाणी नको असून ते नदीनाल्यास सोडणे भाग आहे, तेथे मात्र जंतूंकरवी नत्र काढण्याचा खर्च टाळू नये.

ग्रामपंचायतीपुढे सांडपाण्याची योजना येईल तेव्हा सभासदांनी प्रथम दोन प्रश्न विचारावेत : बाहेर पडणाऱ्या पाण्यात नायट्रेट किती राहील, आणि ते पाणी कोठे जाईल? यंत्र किती अश्वशक्तीचे, हा प्रश्न त्यानंतरचा.