पगाराला कुलूप, कारागिराला निरोप

अमेरिकेतील बास्केटबॉलचा हिशेब व्यापाराच्या पानावर कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण तिथली एन.बी.ए. ही संघटना म्हणजे निव्वळ खेळ नव्हे. तीस संघांच्या मालकांनी मिळून चालविलेला तो एक धंदा आहे आणि त्यातला सर्वांत मोठा खर्च म्हणजे कुशल माणसांचा मेहनताना. ज्यांचा रोजगार हुन्नरावर चालतो, त्यांनी या धंद्याचे नियम जरूर पाहावेत. मोसम संपल्यावर जून-जुलैत तिथे खेळाडूंची जी अदलाबदल होते, ती हारजितीपेक्षा वहीखात्यामुळेच अधिक होते, असे आमचे मत आहे.

1983 साली अनेक संघ तोट्यात होते. तेव्हा मालक आणि खेळाडूंची युनियन यांच्यात करार झाला. खेळाडूंना उत्पन्नाचा 53 टक्के वाटा मिळावा आणि त्याबदली प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असावी, असे ठरले. हीच सॅलरी कॅप. 1984-85 च्या मोसमात ती 36 लाख डॉलर होती, 2025-26 साठी ती सुमारे 15 कोटी 46 लाख डॉलर झाली. मोठ्या शहरातील धनवान मालकाने पैशाच्या जोरावर सगळे चांगले खेळाडू उचलून नेऊ नयेत, लहान शहराचा संघही तगावा, हा त्यामागचा हेतू. त्याला आमचा विरोध नाही. सगळे कसबी हात एकाच पेढीत गेले तर बाजारच बसेल.

या मर्यादेला सुरुवातीपासून एक शहाणी सवलत आहे. संघाला स्वतःचा जुना खेळाडू ठेवायचा असेल तर मर्यादा ओलांडता येते. बोस्टनच्या लॅरी बर्डच्या नावाने ती ओळखली जाते. पण पुरी सवलत मिळण्यासाठी खेळाडूची साधारण तीन मोसमांची नोकरी व्हावी लागते. 2023 साली डेन्व्हरचा संघ विजेता ठरला आणि त्यात ब्रूस ब्राऊनचा मोठा हातभार होता. त्याचा मात्र तिथे एकच मोसम झाला होता. त्यामुळे डेन्व्हरला त्याला वर्षाला 78 लाख डॉलरच्या आसपासच देता येत होते. इंडियानाने दोन वर्षांचे साडेचार कोटी देऊ केले आणि तो गेला. पुढच्याच उन्हाळ्यात केन्टेव्हियस कॅल्डवेल-पोप तीन वर्षांच्या 6 कोटी 60 लाखांवर ऑरलँडोला गेला. या दोघांचे नुकसान झाले नाही. नुकसान झाले ते जुळलेल्या हातांचे.

2023 च्या करारात आणखी एक कडक रेघ आली. तिला सेकंड एप्रन म्हणतात. 2025-26 साठी ती सुमारे 20 कोटी 78 लाखांवर होती. पूर्वी मर्यादा ओलांडली तर लक्झरी टॅक्स भरावा लागे. श्रीमंत मालक तो भरून मोकळा होई. आता कराबरोबर हातही बांधले जातात. या रेघेपलीकडच्या संघाला दोन-तीन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू घेता येत नाही, सौद्यात रोख रक्कम देता येत नाही, बाहेरच्या खेळाडूला किमान पगारापेक्षा जास्त देऊ करता येत नाही. सात वर्षांनंतरच्या पहिल्या फेरीतील निवडीचा हक्कही गोठतो.

याचा परिणाम बोस्टनमध्ये दिसला. 2024 साली हा संघ विजेता होता. जेसन टेटम आणि जेलेन ब्राऊन हे दोघेही त्याने स्वतः निवडले, स्वतः घडविले. 2025-26 मध्ये दोघांचा मिळून पगार सुमारे 10 कोटी 70 लाख, म्हणजे सॅलरी कॅपच्या जवळजवळ 70 टक्के. मे 2025 मध्ये टेटमला टाचेची गंभीर दुखापत झाली. पगार आणि कर मिळून खर्च 50 कोटी डॉलरच्या वर जाण्याची चिन्हे होती. त्या उन्हाळ्यात ज्रू हॉलिडे पोर्टलंडला गेला, क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस अटलांटाला, ल्यूक कॉर्नेट सॅन अँटोनियोला आणि अल हॉरफोर्ड गोल्डन स्टेटला. एका वर्षापूर्वी जिंकलेला कारखाना असा हिशेबापायी मोकळा झाला.

यात कात्री कोणावर चालते, हे नीट पाहावे. नामवंत खेळाडूला त्याची कमाल रक्कम मिळतेच. नवख्याचा किमान पगार ठरलेला असतो. राहतो तो मधला, विश्वासू आणि अनुभवी गडी. त्याला ठेवायला मालकाकडे जागा उरत नाही आणि रेघेपलीकडचे श्रीमंत संघ त्याला बोली लावू शकत नाहीत. म्हणजे गिऱ्हाईकच कमी होतात.

नियमाच्या बाजूने बोलणारे सांगतात की 2019 ते 2025 या सात वर्षांत सात वेगवेगळे संघ विजेते झाले. हे खरे आहे आणि लहान शहरांसाठी चांगलेही आहे. 2025 चा विजेता ओक्लाहोमा सिटी हा अशाच शहराचा संघ. पण बाजारातून तयार माल उचलणारा आणि वर्षानुवर्षे शागीर्द घडविणारा या दोघांना एकाच फूटपट्टीने मोजणे न्यायाचे नाही.

न्यूयॉर्कच्या जेलेन ब्रन्सनने 2024 साली यावर स्वतःपुरता तोडगा काढला. वर्षभर थांबला असता तर पाच वर्षांचे 26 कोटी 90 लाख डॉलर मिळू शकले असते, पण त्याने चार वर्षांचा 15 कोटी 65 लाखांचा करार केला. संघाला हात हलवायला जागा मिळाली आणि 2025 मध्ये न्यूयॉर्क 25 वर्षांनी आपल्या विभागाच्या अंतिम फेरीत पोहोचले. त्याचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण खेळाडूने पदरचे सोडावे आणि संघ टिकवावा, हा दस्तूर होऊ शकत नाही. मालकाची जोखीम कारागिराच्या खिशातून भागविणे बरे नव्हे.

आमची सूचना साधी आहे. संघाने स्वतः निवडलेल्या आणि पाच-सहा वर्षे सांभाळलेल्या खेळाडूचा पगार त्याला पुरा द्यावा, मात्र त्या कडक रेघेच्या हिशेबात त्याचा काही भागच धरावा. मर्यादा राहील, लहान संघांचे संरक्षण राहील आणि माणूस घडविणाऱ्याला दंड होणार नाही. हुन्नर शिकविण्यात वर्षे जातात. ते शिकविल्याबद्दल शिक्षा करणारा कायदा कोणत्याही धंद्यात बरकत आणणार नाही.