पहिली चूक आधीं वाचा

घरीं विंडोजवर बिनतक्रार तयार झालेला सी भाषेंतील प्रोग्रॅम शाळेंतील लिनक्स संगणकावर आणिला कीं कधीं कधीं कंपायलर चुकांची लांबलचक यादी पुढें करितो. विद्यार्थी म्हणतो, "संगणक बिघडला", पालक म्हणतात, "अभ्यास कच्चा." आमच्या मतें हे दोन्ही निवाडे घाईचे होत.

दोष बहुधा न सांगतां गृहीत धरलेल्या गोष्टींत असतो. फाइलींच्या नांवांतील मोठीं व लहान रोमन अक्षरें विंडोजवर सामान्यतः एकच मानिलीं जातात. लिनक्सवर तीं भिन्न होत. म्हणून घरीं सांपडलेली फाइल शाळेंत सांपडत नाहीं. दुसरें उदाहरण वर्गमुळाचें. लिनक्सवर जीसीसी वापरतांना गणिती फंक्शनांचा संग्रह बहुधा आज्ञेच्या शेवटीं '-एलएम' असें लिहून जोडावा लागतो. विंडोजवर तशी गरज सहसा पडत नाहीं. येथें कंपायलर आपलें काम पुरें करितो. अडतो तो त्यापुढचा लिंकर.

सबब विद्यार्थ्यांस आमचें आग्रहाचें सांगणें कीं, यादींतील पहिली चूक आधीं वाचावी, कारण पुढच्या पुष्कळशा तिच्याच पोटीं जन्मतात. ती कंपायलरची कीं लिंकरची हें ओळखावें. आणि एका वेळीं एकच बदल करावा. दुसऱ्याचा तोडगा न समजतां उतरून घेतल्यास प्रोग्रॅम कदाचित् चालेल, परंतु ज्ञान पदरीं पडणार नाहीं. पालकांनींही "गुण किती?" असें विचारण्यापूर्वीं "पहिली चूक कोणती होती?" असें विचारावें.